आभाराची फेरी

दुःख माणसाला प्रभूच्या जवळ नेतं, यावर या घराण्यातल्या तीन पिढ्यांची अढळ श्रद्धा होती. अडचण एवढीच, की प्रभूकडे जाताना वाटेत जेवणाचं टेबल लागायचं, आणि तिथे बसून आपलं दुःख शेजारच्यापेक्षा दोन बोटं तरी मोठं आहे हे पटवून दिल्याशिवाय कुणी पुढे सरकत नसे.

त्यासाठी रविवारची आभाराची फेरी होती. ती बाबांनी सुरू केलेली. बाबा कवळ्या बनवायचे. आठवडाभर लोकांची उघडी तोंडं बघून रविवारी तरी त्यांना मिटलेली तोंडं हवी असत. पोटच्या तीन मुलांकडून ते होईना, तेव्हा त्यांनी नियम केला : उपासनेहून आल्यावर, जेवण झालं की, आईचं अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ टेबलावर उलटं करायचं. वाळू पडते तोवर, म्हणजे तीन मिनिटं, हवी ती तक्रार करा. मध्ये कुणी बोलणार नाही. पण वाळू संपायच्या आत आभार मानून थांबायचं. ‘तक्रारीनं तोंड उघडलं तर आभारानं मिटायचं,’ असं बाबा म्हणत. यानं मुलं कृतज्ञ होतील अशी त्यांची कल्पना होती. मुलं तक्रार आभारात गुंडाळायला शिकली.

या रविवारी हेडमास्तरांच्या फ्लॅटमध्ये फेरीला पाच जण होते आणि विषय एकच होता. बेबीचा हात.

बेबी अठ्ठावन्न वर्षांची होती. थोरल्या भावाहून, म्हणजे हेडमास्तरांहून धाकटी; धाकट्या भावाहून, म्हणजे विम्याहून मोठी. बाबांनंतर त्यांचं बाक, त्यांचे साचे आणि जुन्या घराची खालची खोली एकटीनं सांभाळणारी, आणि तिथेच राहणारी. चार महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या उजव्या हातातून मेणाची सुरी पडली. ती उचलायला वाकली, तर हात आलाच नाही. डॉक्टर पक्षाघात म्हणाले. पाय आठवड्याभरात परतला. जीभ अर्धी परतली. शब्द येत, पण एकेक करून, जिना चढून आल्यासारखे दमलेले. हात मात्र गेला तो गेलाच. तो आता शालीखाली, तिच्याच मांडीवर, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला असे.

आणि बाबांनी लिहून ठेवलं होतं : जोवर बेबीचं काम चालू आहे तोवर खालची खोली तिची. नंतर तिघांची.

‘नंतर’ सुरू झालं की नाही, हे आज ठरायचं होतं. खालच्या खोलीची किल्ली टेबलावर होती. तिच्यावर बेबीचा डावा तळवा होता.

“पाळकसाहेब, संकोच करू नका, आणखी एक बटाटा घ्या,” हेडमास्तर म्हणाले. नवे पाळक येऊन तीनच महिने झाले होते, त्यामुळे त्यांना अजून सगळ्यांच्या घरी दोनदा वाढून घ्यावं लागे. “आपल्यासमोर झालं म्हणजे बरं. घरचं माणूस चुकू शकतं.”

“विशेषतः आपल्या घरचं,” त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, प्लेटा गोळा करता करता सांगितलं.

हेडमास्तरांनी ते ऐकलं नाही. चौतीस वर्षं वर्ग सांभाळल्यानं काय ऐकायचं नाही याचा त्यांना चांगला सराव होता. त्यांनी घड्याळ उलटं केलं, खुर्ची मागे सरकवली आणि उभे राहिले. बाकीचे बसून बोलत. ते उभे राहत, कारण गुडघे दुखतात हे बसून नीट दिसत नाही.

“गेलं वर्ष मला सोपं गेलेलं नाही,” त्यांनी सुरुवात केली. “आधी उजवा गुडघा. मग डावा. निवृत्तीनंतर शाळेनं मला एकदाही बोलावलं नाही. बक्षीस समारंभाला बोलावलं ते गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तरी मी रडत बसलो नाही. आणि मग बेबीचं हे. पाळकसाहेब, बहिणीचा हात गेला तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल याचा कुणी विचार केला नाही. लोक येत ते तिलाच भेटायला.”

पाळकांनी सहानुभूतीनं मान हलवली. बेबीनंही हलवली.

“आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?”

“दात... माझे,” बेबी म्हणाली.

“मध्ये बोलायचं नाही!” हेडमास्तर म्हणाले. पण ते खरं होतं. त्यांची वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या बेबीच्या होत्या. वहिनीच्या पुढच्या तीन दातांचा पूल बेबीचा होता. विम्याच्या दोन दाढा बेबीच्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आपण म्हणतो; हेडमास्तरांच्या बाबतीत टाळाही बहिणीनंच करून दिलेला होता. आज ती सगळी तोंडं तिच्याविषयी बोलायला जमली होती.

“आता मुद्दा.” त्यांनी खालच्या जबड्यावर बोट ठेवलं. “ही खालची कवळी. माप घेतलं आणि पंधरा दिवसांत तिच्यावर हा प्रसंग आला. तिच्या उजव्या हातची शेवटची कवळी माझ्या तोंडात आहे. आयुष्यात मला इतकी चांगली कवळी मिळाली नाही. सफरचंद खातो मी हिच्यानं. मी जाईन तेव्हा ही माझ्याबरोबर पुरू नका, काचेच्या कपाटात ठेवा. का? तर अशी कवळी आता होणे नाही. हे मान्य करायला मन धजत नाही, पण मान्य करणं हीच खरी श्रद्धा. बेबीनं आमच्या मागच्या खोलीत राहायला यावं, विश्रांती घ्यावी, प्रार्थना करावी. आणि मी प्रभूचे आभार मानतो,” शेवटचे चार कण पडत होते, “की माझे दोन्ही गुडघे एकाच दिवशी गेले नाहीत.”

“आमेन,” पाळक म्हणाले, आणि कशाला म्हणालो याचा विचार करू लागले.

*

धाकट्या भावाला सगळे विमा म्हणत. तो तीस वर्षं विमा विकत होता आणि घरातला एकही मनुष्य त्याच्या तावडीतून बिनसहीचा सुटला नव्हता. त्याचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढून येणारं गिऱ्हाईक धट्टंकट्टं असे, त्याला विम्याची गरज वाटत नसे. ज्याला वाटे त्याला जिना चढवत नसे. बेबीताईची खोली तळमजल्यावर होती, कोपऱ्यावर होती, आणि दोन्ही रस्त्यांवरून दिसत होती. विम्याला यात प्रभूची योजना दिसत होती. इतक्या सोयीची जागा योगायोगानं रिकामी होत नाही.

अर्थात त्यानं तसं म्हटलं नाही. त्यानं घड्याळ उलटं केलं आणि आवाज ओला केला.

“बेबीताई, मला झोप लागत नाही गं. तू तिथे खाली एकटी. गॅसचा बर्नर, उकळतं पाणी, ते गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन. उद्या काही झालं तर मी लोकांना काय तोंड दाखवू? विमा एजंटाच्या सख्ख्या बहिणीला अपघात! धंदा आधीच बसलाय. लोकांना मरणाची भीतीच राहिली नाही, वहिनी. पूर्वी नुसता घसा खाकरला तरी माणूस सही करायचा.” त्यानं वाळूकडे बघितलं. “ताई, प्रभू ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो.”

“मग तुमच्यावर फारसं नसावं, भाऊजी,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, वाळू चालू आहे!”

“चालू दे. मी टेबल पुसतेय.”

“मी फक्त एवढंच म्हणतो, की हात गेला हे सत्य आहे. काम थांबलं हे सत्य आहे. सत्य आपल्याला मोकळं करतं. तू किल्ली दे, आम्ही सामान हलवतो, बाक अगदी जपून ठेवतो. आणि प्रभूचे आभार,” तो घाईनं म्हणाला, “की बाबांनी सगळं लिहून ठेवलं.”

बेबीनं तळवा उचलला नाही. विम्यानं वाट पाहिली. त्या तळव्याची नखं फार नीट घासलेली आहेत, एवढं त्याच्या ध्यानात आलं. ही नखं कोण घासून देतं, हा प्रश्न विमा एजंटानं विचारायला हरकत नव्हती. त्यानं विचारला नाही.

*

वहिनी चहा ठेवायला स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

तिला ठाऊक होतं. गेले अडीच महिने ठाऊक होतं. दर बुधवारी ती बेबीला सूप घेऊन जायची, आणि एका बुधवारी तिनं दारातून बघितलं : बेबी बाकाशी, साचा शिकंज्यात आवळलेला, डाव्या हातात मेणाची सुरी, ओठ दातांत धरलेले. एक दात मेणात बसवायचा, तो कलायचा. पुन्हा मेण वितळवायचं, पुन्हा बसवायचा. पूर्वी चौदा दात एका दुपारी बसत. आता अकरा दिवस लागले होते. दहाव्या दिवशी एक दात जमिनीवर पडला आणि दोघी बायका चार पायांवर, म्हणजे बेबी तीन, बाकाखाली तो शोधत होत्या, आणि हसून हसून वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती इतकी हसली नव्हती. ती डबी तिनंच पर्समधून घरी आणली. ‘अहो, ही तुमची कवळी,’ एवढंच म्हणाली. अहोंनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. डाव्या हातची आहे कळलं असतं तर अहोंनी ती तोंडात घातली नसती, वाटीत घालून तिच्यासाठी प्रार्थना केली असती.

हे झालं पुण्याचं कारण. दुसरंही एक होतं. मागची खोली. घरातली ती एकच खोली जिच्यात वहिनी दुपारी दार लावून पडत असे आणि जिच्यात कुणाचे गुडघे नव्हते. बेबी इथे आली की ती गेली. आणि बेबीला न्हाऊ घालणार कोण? हेडमास्तर? बेबीनं खोली राखावी असं वहिनीला अगदी मनापासून वाटत होतं, फक्त मनात दोन भाडेकरू होते आणि त्यातला मोठा कोणता हे ती प्रभूला विचारायला धजत नव्हती.

ती चहा घेऊन बाहेर आली. तिची पाळी होती. तिनं घड्याळाला हात लावला नाही.

“मला तक्रार नाही. आभार. बेबीला बोलू द्या.”

हेडमास्तरांना गुडघ्यांपेक्षा हे जास्त लागलं. चाळीस वर्षांत तिनं आपली तीन मिनिटं कधी सोडली नव्हती.

*

घड्याळ उलटं झालं. बेबीनं वाळूकडे बघितलं आणि तिला कळलं की पुरणार नाही.

सांगायचं खूप होतं. पहिले नऊ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, हे सांगायचं होतं. तिनं प्रभूला अगदी सरळ विचारलं होतं : उजवाच का? दोन होते ना? उत्तर आलं नाही. मग ती रडली, आणि रडण्यात एक ऊब असते. त्यात माणूस पांघरूण ओढून तासन्‌तास पडू शकतो. तेही तिनं केलं. दहाव्या दिवशी तिला दिसलं, की डाव्या हाताची नखं वाढलीत. ती कापायची कशी? कापणारा हात गेलेला. कुणाला बोलवायचं? दादाला? तो आधी गुडघ्यांचं सांगेल. ती उठली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि बाबांच्या पॉलिशच्या मशीनसमोर उभी राहिली. मशीन बाकाला पक्कं बसवलेलं होतं. धरावं लागत नव्हतं. तिनं ते चालू केलं आणि एकेक नख चाकावर टेकवलं. पाचही झाली. मग ती तिथेच बसली आणि म्हणाली, प्रभू, हे तू दाखवलंस असं मी धरून चालते. हात मागितला होता, नखं कापायची जागा मिळाली. आजच्यापुरतं पुरे. उद्याचं उद्या विचारीन.

हे सगळं तीन मिनिटांत कसं सांगणार?

“मी...” ती म्हणाली. “रडले. नऊ... दिवस.”

“स्वाभाविक आहे,” विमा म्हणाला.

“मध्ये बोलायचं नाही,” पाळक म्हणाले. त्यांना नियम आवडू लागला होता.

“मग... नखं.”

सगळे वाट बघत होते. पुढचा शब्द अजून जिन्यात होता. वाळूला घाई होती.

“बाकाशी... गेले. प्रभूनं... हात... दिला नाही. पण...”

वाळू संपली.

“आभार राहिले,” हेडमास्तर हळुवार म्हणाले. “असू दे. आम्ही समजून घेतो. बेबी, किल्ली.”

विम्याचा हात टेबलावरून पुढे सरकला. तो किल्लीपाशी पोचायच्या आत मध्ये वहिनीचा हात आला आणि घड्याळ पुन्हा उलटं झालं.

“हे नियमात नाही!” विमा म्हणाला.

“नियम कुणी केला? बाबांनी. घड्याळ कुणाचं? आईंचं. अंडं कच्चं राहिलं तर आई पुन्हा उलटं करायच्या.”

पाळकांनी घसा साफ केला. “ताई, मी एक विचारू? तुम्ही प्रार्थनेत आता काय मागता?”

बेबीनं त्यांच्याकडे बघितलं. चार महिन्यांत तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. विचारलं कुणी नव्हतं.

“आधी... हात मागायचे. आता मागते... मेण लवकर... गार होऊ नये.”

“मेण कशाला?” हेडमास्तर म्हणाले.

“दादा. तुझं माप... उजव्यानं. दात...” तिनं किल्लीवरचा तळवा उचलून त्यांना दाखवला, “...ह्यानं.”

हेडमास्तरांची जीभ नकळत खालच्या दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, आणि ती फिरताना चौघांनाही दिसली.

“कसं शक्य आहे?”

“अकरा दिवस लागले,” वहिनी म्हणाली. “मी पाहिलंय. डबी मीच आणली.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सफरचंद खाताना तुम्हाला व्यत्यय नको म्हणून.”

“म्हणजे काम चालू आहे तर!” पाळक उत्साहानं म्हणाले. घरगुती तंट्यात एवढ्या लवकर आनंद मानायचा नसतो, हे पाळकांना शिकवत नाहीत.

“तरीच,” हेडमास्तर म्हणाले.

“तरीच काय?”

त्यांनी गालावर हात ठेवला. “तरीच टोचतंय.”

“कधीपासून?” वहिनीनं विचारलं.

“बरेच दिवस. मी बोललो नाही. मी सहसा बोलत नाही.”

“आत्ता पाच मिनिटांपूर्वी तुम्ही ती काचेच्या कपाटात ठेवत होतात!”

“अगं, खरंच टोचतंय. इथे, डावीकडे. जेवतानासुद्धा जाणवलं.” आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की टोचतंय. निदान आज ते खोटं बोलत नव्हते, आणि यानं सगळ्यांचीच अडचण झाली.

विम्यानं संधी ओळखली. तीस वर्षं तो तेच करत होता. “बघा, वाईट वाटून घेऊ नकोस ताई. तू प्रयत्न केलास, आम्हाला अभिमान आहे. पण सख्ख्या भावाला टोचतंय तर बाहेरचा दंतवैद्य कशाला घेईल? बाबांनी ‘काम’ लिहिलंय. टोचणाऱ्या कवळीला बाबा काम म्हणाले असते का?”

बाबा म्हणाले नसते. टोचणारी कवळी बाबा हातोडीनं फोडायचे, गिऱ्हाइकासमोर.

बेबीनं आपल्या तळव्याकडे बघितलं. डावा अंगठा अजून कच्चा होता. उजव्या अंगठ्याला तीस वर्षांत केसाइतका उंचवटाही कळे. डाव्याला काय कळतं, हे तिला स्वतःलाच नक्की ठाऊक नव्हतं. कदाचित एक धार राहून गेली असेल. कदाचित विमा बरोबर असेल. पांघरूण ओढून घ्यायची ती जुनी ऊब तिला टेबलाखालून हाक मारत होती : सांगून टाक, मी आजारी आहे, बिचारी आहे, मला काय कळतं, घ्या किल्ली. सगळे किती प्रेमानं वागले असते!

प्रभू, ती मनात म्हणाली, गुळगुळीत कर असं मी म्हणत नाही. धार असेल तर मला लागू दे. एवढंच.

“काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“कवळी.”

“पाळकसाहेबांसमोर?”

“मी तिकडे बघतो,” पाळक म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

हेडमास्तरांनी रुमाल तोंडासमोर धरला. चौतीस वर्षांचा दरारा एका ओल्या आवाजासरशी बाहेर आला आणि ते हनुवटी नाकाला लावून बसले. बेबीनं कवळी डाव्या हातात घेतली, उलटी केली, आणि आतल्या बाजूनं अंगठा फिरवायला सुरुवात केली. उजवीकडून. सावकाश. घड्याळातली वाळू पुन्हा संपली होती. या वेळी कुणी त्याकडे बघितलं नाही. अंगठा पुढच्या दातांखालून गेला, डावीकडे वळला, आणि थांबला.

विमा खुर्चीत पुढे झाला आणि त्याचा हात किल्लीवर गेला. वहिनीनं डोळे मिटले. तिच्या मनातले दोन्ही भाडेकरू एकदम प्रार्थना करू लागले.

बेबीनं तिथेच अंगठा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. मग नखाचं टोक, ते मशीनवर घासलेलं, खाली घातलं आणि काहीतरी उचकटून चहाच्या बशीच्या कडेला पुसलं. पुन्हा अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे अडला नाही.

“घाल,” ती म्हणाली.

हेडमास्तरांनी घातली. जबडा हलवला. उजवीकडे, डावीकडे. पुन्हा हलवला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हे त्यांना एरवी आवडलं असतं.

“टोचतंय?” वहिनीनं विचारलं.

हेडमास्तरांनी चहाचा कप उचलला.

“भाऊजी, किल्लीवरचा हात काढा,” वहिनी म्हणाली. विम्यानं काढला. बेबीनं किल्ली पर्समध्ये टाकली, शाल नीट केली, आणि तिला काहीतरी आठवलं.

“आभार,” ती म्हणाली. “राहिले होते.”

पाळक खिडकीकडून वळले. पुढच्या रविवारी त्यांना दुःखातील धीर या विषयावर बोलायचं होतं, आणि आज इथे नेमकं काय घडलं हे त्यांना अगदी अचूक हवं होतं. ते बशीवर वाकले.

टोमॅटोचं बी होतं.